देगलूर परिसरातील सौम्य हिवाळा व स्थानिक हवामान नोंदींचे महत्त्व

प्रस्तावना :
देगलूर हा नांदेड जिल्ह्यातील तेलंगणा व कर्नाटक या राज्यांच्या सीमेलगतचा तालुका होय. येथील रब्बी हंगामातील हरभरा व ज्वारी ही पिके बहुतांशी जमिनीतील ओलावा व थंडी यांवर येतात. त्यामुळे 'यंदा थंडीच पडली नाही' हा उद्गार येथे उत्पन्नाशी निगडित ठरतो. प्रस्तुत लेखात सौम्य हिवाळ्याचे स्वरूप व त्याच्या नोंदीची पद्धती स्पष्ट केली आहे.

सौम्य हिवाळ्याचे स्वरूप :
हिवाळ्याची तीव्रता मुख्यतः पहाटेच्या किमान तापमानावरून कळते. निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता लवकर निघून जाते व उत्तरेकडील कोरडे वारे थंडीत भर घालतात. याउलट बंगालच्या उपसागरावरून बाष्पयुक्त वारे आल्यास आकाश ढगाळते, उष्णता अडते आणि किमान तापमान वाढते. ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळीचा प्रादुर्भाव वाढतो, तर फेब्रुवारीतील उष्णतेने गहू लवकर पक्व होऊन दाणा बारीक राहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश सेल्सिअस, म्हणजे १९०१ पासूनच्या फेब्रुवारी महिन्यांतील सर्वाधिक होते. पाठोपाठ मार्चमध्ये मराठवाड्यात अवकाळी पाऊस व गारपीट झाली.

नोंदीची पद्धती :
भिंतीवर टांगलेला तापमापक भिंतीची उष्णताही दाखवितो. म्हणून तो मोकळ्या जागी, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवावा व दररोज सकाळी ८.३० वाजता वाचावा. तापमानासोबत ढग, वारा व पाऊस यांचीही नोंद घ्यावी. शासनाच्या महावेध प्रकल्पांतर्गत महसूल मंडळ स्तरावर स्वयंचलित केंद्रे आहेत. परंतु एका मंडळात अनेक गावे असतात. निरभ्र, शांत रात्री सखल शिवारात थंड हवा साचते, ती माळावर साचत नाही. हा फरक एका केंद्रावरून कळत नाही.

निष्कर्ष :
एका सौम्य हिवाळ्यावरून हवामान बदलाचा निष्कर्ष काढणे योग्य नाही. त्यासाठी साधारणतः ३० वर्षांची सरासरी आधार मानतात. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी अशी नोंदवही सातत्याने ठेवल्यास पेरणीची वेळ व वाणाची निवड ठरविण्यास शेतकऱ्यांना मदत होईल. पीक नुकसानीच्या प्रश्नातही आठवणीपेक्षा लिखित नोंदच अधिक उपयोगी पडते.