डावा, जमना आणि पॉश

गेल्या हिवाळ्यात ठाण्यातल्या एका एजंटच्या ऑफिसात मुंबई–गोवा क्रूझचं बुकिंग करायला बसलो होतो. पलीकडच्या मुलीनं स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "काका, केबिन पोर्ट साइडची देऊ की स्टारबोर्डची?" माझ्या तोंडून निघून गेलं, "जाताना कुठली आणि येताना कुठली?" ती हसली. "जाता-येता केबिन एकच असते, काका."

तिचं बरोबर होतं. पण हा प्रश्न पन्नासहून जास्त वर्षं माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय, त्याला मी काय करू?

१९६८ साली रत्नागिरीला आठवीत असताना इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर चार मोठी अक्षरं काढली होती : पी, ओ, एस, एच. मग त्यांनी ती सोडवून दाखवली. पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम. विलायतेहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर बडे साहेब लोक हिंदुस्थानात येताना डाव्या बाजूची केबिन घेत आणि मायदेशी परतताना उजव्या बाजूची. दोन्ही वेळा सावलीची बाजू. अशा तिकिटांवर जांभळ्या शाईत ही चार अक्षरं उमटवलेली असत. त्यावरून झाला 'पॉश'. वर्ग खूश झाला. माझ्या शेजारच्या मुलानं मात्र हात वर केला. त्याचे वडील 'बोटीवर' होते. खाडीपलीकडच्या गावांत निम्म्या घरांचे कर्ते पुरुष बोटीवरच असायचे. तो म्हणाला, "सर, पण होम कुठलं?" सर म्हणाले, "खाली बस."

तेव्हापासून जुन्या प्रवाशांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांचा मला नाद आहे. विलायतेला निघालेल्या माणसानं काय बांधून न्यावं, काय खावं, कुठं झोपावं, बोट लागली तर काय करावं याबद्दल एकोणिसाव्या शतकात इतका मजकूर छापला गेला, की तो वाचूनच बोट लागावी. सामानावरच्या चिठ्ठ्या मला त्यातही विशेष आवडतात. जी पेटी बर्थखाली सरकेल तिला 'केबिन', अधूनमधून लागेल तिला 'वॉन्टेड', आणि जी थेट तळच्या कोठारात जायची तिला 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज'. चिठ्ठी चुकली की कपडे तळात आणि तुम्ही वर डेकवर. सोला हॅट लंडनमध्ये घेऊ नये, पोर्ट सैदला सायमन आर्ट्‌झच्या दुकानात घ्यावी, हाही एक ठरलेला सल्ला.

सल्ले न मिळालेल्या माणसाचं काय होतं, ते बघायचं तर मोहनदास गांधींकडे बघावं. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून पी अँड ओच्याच 'क्लाइड' बोटीनं निघाले. काट्याचमच्याची भीती आणि बोलायचा संकोच, म्हणून जेवणघरात न जाता घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्येच खात राहिले. अंघोळीला खारं पाणी. त्यात साबण विरघळत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि साबण लावणं हे सुधारलेपणाचं लक्षण, म्हणून ते चोळत राहिले. अंग स्वच्छ व्हायचं सोडून चिकट झालं आणि गजकर्ण उठलं. पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट त्यांनी उतरताना घालायला म्हणून राखून ठेवला होता. सप्टेंबरअखेरीस तो घालून उतरले, तर अख्ख्या बंदरात पांढऱ्या कपड्यातले ते एकटे. सामान आणि किल्ल्या एजंटच्या ताब्यात, दुसऱ्या दिवशी रविवार. हे सगळं त्यांनी आत्मकथेत सांगितलंय. पण ज्या माणसानं हे सोसलं त्यानंच पुढे काही वर्षांत विलायतेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 'गाइड टू लंडन' नावाची पुस्तिका लिहून ठेवली, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. कपड्यांची यादी, खर्चाचे आकडे, सगळं त्यात आहे. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. माझ्या मते प्रवाशांना सल्ला देण्याचा अधिकार अशाच माणसाला असतो. केबिन कुठल्या बाजूची होती, याचा मात्र गांधींना पत्ता नसावा. गजकर्ण दोन्ही बाजूंना सारखंच खाजतं.

तर बाजू. सरांचा नियम मी नकाशावर घासून पाहिला. इंग्लंडहून निघालेली बोट भूमध्य समुद्रात पूर्वेकडे तोंड करून चालते. सूर्य दक्षिणेला, म्हणजे उजवीकडे. डावी बाजू सावलीत. इथपर्यंत ठीक. सुएझ ओलांडल्यावर तांबडा समुद्र, सुमारे चार दिवसांचा. इथं बोटीचं तोंड साधारण दक्षिण-आग्नेयेला. डावीकडे अरबस्तान, उजवीकडे आफ्रिका. सकाळचं ऊन डाव्या बाजूला आणि दुपारनंतरचं उजव्या. लोखंडी पत्रा दुपारभर तापला की रात्रभर केबिनमध्ये आग ओकत राहतो, म्हणून डावी बाजू बरी. त्यातून उत्तरेच्या भागात वारा वायव्येकडून, पाठीमागून. बोट वाऱ्याच्याच दिशेनं त्याच्याच बेताच्या वेगानं चालली, की डेकवर पानसुद्धा हलत नाही. माणसं गाद्या घेऊन डेकवर झोपत, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. कप्तानानं बोट उलटी फिरवून प्रवाशांना घटकाभर वारा खाऊ घातला, असे किस्सेही सांगतात.

एडनहून मुंबईकडे वळलं की पुन्हा तोंड पूर्वेला. हिवाळ्यात ईशान्येचा वारा डाव्या अंगावर येतो, सूर्य दक्षिणेला. डावी केबिन म्हणजे स्वर्ग. पण मे-जून-जुलैत? आपल्या मुंबईत शून्य सावलीचे दिवस दोन, मेच्या मध्याला एक आणि जुलैच्या अखेरीस दुसरा. मधल्या काळात भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. एडन तर आणखी दक्षिणेला. म्हणजे त्या महिन्यांत अरबी समुद्रात ऊन डाव्या बाजूला आणि नैर्ऋत्येचा वारा मागून उजव्या बाजूला. पैसे भरून घेतलेल्या सावलीत साहेब उन्हाला आणि बिनवाऱ्याला. पावसाळ्यात समुद्र खवळला की पोर्टहोल बंदच करत, तेव्हा तर दोन्हीकडे भट्टी. नियम अर्धं वर्ष खरा आणि अर्धं वर्ष खोटा. बोट लागणाऱ्या माणसाला तर बाजूशी कर्तव्यच नाही. त्यानं जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, तिथं हेलकावा सगळ्यांत कमी. हा सल्ला आजही लागू आहे.

आता ती चार अक्षरं. १८३७ साली स्पेन-पोर्तुगालच्या टपालाचं कंत्राट मिळवलेल्या आणि १८४० साली राजसनद मिळालेल्या या कंपनीची कागदपत्रं लोकांनी पिंजून काढली. ती चार अक्षरं उमटवलेलं एकही तिकीट कुणाच्या हाती लागलेलं नाही. 'पोर्ट आउट' ही व्युत्पत्ती छापून आली ती थेट १९३५ साली, लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मधल्या एका पत्रात. तिथं तर तो अमेरिकी जहाजवाल्यांचा शब्द म्हणून सांगितलाय. म्हणजे मुंबईचा संबंध नंतर चिकटला. १९७१ च्या जानेवारीत 'मरिनर्स मिरर' या सागरी इतिहासाच्या नियतकालिकात जी. चौधरी-बेस्ट नावाच्या गृहस्थांनी दोन पानी टिपण लिहून या कथेला आधार नाही असं दाखवलं, आणि ऑक्सफर्डच्या कोशानं त्यांच्याकडे बोट दाखवून हात झटकले. आडनावाची एक बाजू आपली आणि एक विलायतेची असलेल्या या माणसानं बाजूंचं भांडण मिटवावं, हे मला फार आवडतं. पण भांडण मिटलं नाहीच. 'चिटी चिटी बँग बँग' चित्रपटातल्या 'पॉश' गाण्यानं १९६८ सालीच ती कथा घरोघरी नेऊन ठेवली होती. गाण्यापुढे टिपणाचं काय चालणार?

त्यात आणखी एक मेख आहे. बोटीच्या डाव्या बाजूला 'पोर्ट' म्हणायचं हे ब्रिटिश नौदलानं अधिकृतपणे ठरवलं १८४४ साली. तोवरचा शब्द होता 'लारबोर्ड'. तो 'स्टारबोर्ड'सारखाच ऐकू यायचा, वादळात घोटाळे व्हायचे, म्हणून बदलला. पी अँड ओची 'हिंदोस्तान' बोट सुएझ–कलकत्ता मार्गासाठी निघाली १८४२ साली. तिच्यावरच्या पहिल्या बड्या साहेबांना म्हणायला हवं होतं 'लॉश'.

खरा शब्द कुठून आला? सगळ्यांत पटणारं उत्तर रोमानी भाषेतलं. युरोपभर फिरणाऱ्या रोमा लोकांच्या या भाषेचं मूळ आपल्याकडचं. तिच्यात 'पाश' किंवा 'पॉश' म्हणजे अर्धा. त्यावरून इंग्रजी चोरबोलीत 'पॉश' म्हणजे अर्धा पेनी, मग नुसता पैसा, आणि १८९० च्या एका बोलीकोशात नटवा, छानछोकी माणूस. पहिल्या महायुद्धाच्या आसपास त्याला आजचा अर्थ आला. रोमानीतल्या त्या शब्दाचं नातं संस्कृत 'पार्श्व'शी लावतात. पार्श्व म्हणजे बाजू. सरांच्या फळ्यावरची व्युत्पत्ती खोटी, पण फिरून आली ती बाजूवरच. हे कळलं त्या संध्याकाळी मी दोन कप चहा जास्त प्यायलो.

आणि मग हाती लागला तो कोश, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला असं आता वाटतं. लेफ्टनंट टॉमस रोबक. मद्रासच्या पलटणीतला अधिकारी, पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात. १८११ साली त्यानं कलकत्त्यात इंग्रजी-हिंदुस्थानी नौकाकोश छापला. साहेब कप्तानांना खलाशांशी बोलता यावं म्हणून. १८१९ साली तो कलकत्त्यातच वारला, चाळिशीही न गाठता. कोश मात्र तगला. १८८२ साली रेव्हरंड जॉर्ज स्मॉल यांनी सुधारून काढलेली त्याची आवृत्ती 'लस्करी डिक्शनरी' म्हणून ओळखली जाते. ही लस्करांची, म्हणजे हिंदुस्थानी खलाशांची बोली म्हणजे हिंदुस्थानी, पोर्तुगीज, गुजराती, कोकणी, इंग्रजी यांची खिचडी. जहाजाचा पुढचा भाग 'आगिल', मागचा 'पिछिल'. सुकाणूवरचा माणूस 'सुक्काणी'. म्होरक्या 'सारंग', त्याच्या हाताखालचा 'तांडेल', भट्टीवरचा 'आगवाला', स्वयंपाकी 'भंडारी'. आणि बाजू? डावी बाजू 'डावा' आणि उजवी बाजू 'जमना'. गुजरातीतला 'जमणो', म्हणजे उजवा.

म्हणजे ज्या डेकवर साहेब पोर्ट-स्टारबोर्ड करत फिरत होते, त्याच डेकवर रत्नागिरीची, दीव-दमणची माणसं 'डावा, जमना' करत दोर ओढत होती. जेवणघरात वाढणारे गोव्याचे, मुंबईत बोटीची वाट पाहत धोबीतलावच्या कुडींतून, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांतून, राहणारे. भट्टीवर बहुतेक पंजाबी-पठाण. यांना बाजू निवडायची सोय नव्हती. बऱ्याच बोटींवर आगिलला एका अंगाला डेकवाले आणि दुसऱ्या अंगाला भट्टीवाले असे कोंबलेले असत. किती जागेत? १८९४ च्या ब्रिटिश कायद्यात खलाशाला माणशी ७२ घनफूट जागा ठरली होती. हिंदुस्थानी कायद्यात ३६. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच, एवढ्या पेटीचं घनफळ ३६ भरतं. यावरून कंपन्या आणि ब्रिटिश सरकारचं व्यापार खातं यांच्यात बरीच वर्षं खडाखडी चालली होती. लस्करांना दाटीवाटीनं राहायची सवयच असते, असा युक्तिवाद करणाऱ्यांची तेव्हा कमतरता नव्हती. असल्या युक्तिवादाला मी लबाडी म्हणतो. रोमानीत 'पॉश' म्हणजे अर्धा, ते इथं तंतोतंत लागू पडतं.

आठवीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. मुंबईत भरती झालेल्या खलाशाचा 'आउट' म्हणजे पश्चिमेकडे, एडनच्या दिशेनं. त्याचा 'होम' पूर्वेकडे. त्याच्यासाठी सावलीची बाजू जाताना जमना आणि येताना डावा. सरांच्या नियमाच्या बरोब्बर उलट. बोट तीच, समुद्र तोच, सूर्यही तोच. फक्त घर दुसरीकडे. आणि १९६८ साली तर सुएझ बंदच होता, आदल्या वर्षीच्या युद्धापासून. म्हणजे फळ्यावर ती अक्षरं उमटत होती तेव्हा माझ्या शेजारच्या मुलाचे वडील बहुधा आफ्रिकेला वळसा घालत होते.

तो मुलगा पुढे बँकेत लागला, आता निवृत्त होऊन गावी असतो. क्रूझ मी केलीच, आतली बिनखिडकीची केबिन घेऊन. स्वस्त होती, आणि मध्यावर होती. ती आटोपल्यावर रत्नागिरीला गेलो तेव्हा त्याच्याकडे जेवायला होतो. रोबकचा कोश, ३६ घनफूट, सगळं त्याला सांगितलं. तो ऐकत होता, मध्येच त्यानं माशाचा तुकडा माझ्या ताटात वाढला. मग म्हणाला, "जमना माहीत आहे. बाबा सुटीवर आले की पंगतीला बसताना जागा करायची असली, तर उजवीकडे सरक असं कधी म्हणायचे नाहीत. 'जमन्याला हो' म्हणायचे. आम्हाला वाटायचं, कोपऱ्यात पाण्याची घागर होती, तिलाच जमना म्हणतात."