नको असलेले फोन आणि तक्रारीची मुदत

शेतीच्या कामांत माणसाचे हात व लक्ष हीं दोन्ही एकाच वेळीं गुंतलेलीं असतात. पाभर चालू असतां, फवारणीचा पंप पाठीवर असतां किंवा पिकाला पाणी देण्यासाठीं दारें धरलेलें असतां मध्येंच फोन वाजला, तर हातांतलें काम टाकून तो घ्यावा लागतो. पलीकडून कोणी कर्जाची, कोणी विम्याची, कोणी शहरालगतच्या प्लॉटची माहिती सांगूं लागतो. दिवसांतून असे चार-पांच फोन आले म्हणजे कामाचा किती खोळंबा होतो, हें शेतकरी वाचकांस सांगावयास नको.

यावर शहरांतील लोक एक सोपा उपाय सुचवितात. ते म्हणतात, अनोळखी नंबरचा फोन घेऊंच नये. नोकरदाराला हा उपाय परवडतो. शेतकऱ्याला परवडत नाहीं. बाजार समितींतील अडत्या, माल नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, मळणीयंत्रवाला, यांचे फोन पुष्कळदां नव्या नंबरावरूनच येतात. ऐन तोडणीच्या दिवशीं मुकादमाचा एक फोन चुकला, तर टोळी दुसऱ्याच्या फडांत जाते. रात्रीं फोन बंद ठेवावा, तर विहिरीवरील मोटरीच्या मोबाइल-स्टार्टरचा इशारा चुकतो. म्हणजे शेतकऱ्याला फोन चालूहि ठेवावा लागतो व तो घ्यावाहि लागतो. आणि याच अडचणीचा फायदा हे प्रचारक घेतात.

तेव्हां कायद्यानें जो मार्ग ठेविला आहे त्याची नीट ओळख करून घेणें हाच खरा उपाय होय. हा मार्ग फुकट आहे, घरबसल्या चालतां येण्यासारखा आहे, व त्यास वकील लागत नाहीं. मात्र त्याला मुदत आहे, आणि बहुतेकांची तक्रार या मुदतीपाशींच अडते.

या बाबतींत नियम करण्याचा अधिकार भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणास, म्हणजे लोक ज्यास ‘ट्राय’ म्हणतात त्या संस्थेस, आहे. तिनें २००७ सालीं पहिले नियम केले व ज्यांस प्रचाराचे फोन नकोत अशा ग्राहकांची राष्ट्रीय नोंदवही त्यानुसार सुरू झाली. ती व्यवस्था अपुरी पडल्यामुळें २०१० सालीं नवे नियम झाले व ते २७ सप्टेंबर २०११ पासून पूर्णपणें अमलांत आले. आज जे नियम लागू आहेत ते १९ जुलै २०१८ चे असून त्यांत १२ फेब्रुवारी २०२५ रोजीं महत्त्वाची दुरुस्ती झाली. ही दुरुस्ती ग्राहकाच्या बाजूची आहे. म्हणून तिचीं कलमें पुढें क्रमानें सांगितलीं आहेत.

पहिलें काम नोंदणीचें. आपल्या मोबाइलवरून १९०९ या क्रमांकावर फोन करावा व प्रचाराचे फोन आणि संदेश बंद करण्यास सांगावें. एसएमएस पाठवावयाचा असल्यास इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ हा शब्द, मग एक मोकळी जागा व त्यापुढें शून्याचा आकडा, एवढेंच लिहून १९०९ वर पाठवावें. यानें सर्व प्रकारचा व्यापारी प्रचार बंद करण्याची नोंद होते. सर्वच बंद करावयाचें नसेल, तर विषयवार निवडहि करितां येते. विषय आठ आहेत : बँका, विमा व इतर आर्थिक व्यवहार, जमीन व घरें, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू व मोटारी, दूरसंचार, प्रसारण व करमणूक, प्रवास, आणि खाद्यपेयें. घरांत दोन-तीन मोबाइल असतील, तर प्रत्येक नंबराची नोंद त्या त्या मोबाइलवरून वेगळी करावी लागते. कर्त्या पुरुषाच्या नंबराची नोंद झाली म्हणजे साऱ्या घराची झाली, असें नाहीं.

येथें एक शंका बहुधा निघते. सर्व प्रचार बंद केला, तर बँकेचा, सरकारी अनुदानाचा किंवा हवामानाचा संदेश तर बंद होणार नाहीं ना? तसें होत नाहीं. खात्यांत रक्कम जमा झाल्याची वर्दी, व्यवहाराचा गुप्त आकडा म्हणजे ओटीपी, आणि सरकारचे संदेश, हे प्रचारांत मोडत नाहींत. म्हणून ते नोंदणीनंतरहि येत राहतात. २०२५ च्या दुरुस्तीनें तर संदेश कोणत्या जातीचा हें ओळखण्याची सोय केली आहे. संदेश पाठविणाऱ्याच्या नांवापुढें एक लहान आडवी रेघ व इंग्रजी अक्षर असतें. ‘पी’ असेल तर प्रचार, ‘एस’ असेल तर सेवा, ‘टी’ असेल तर व्यवहार, आणि ‘जी’ असेल तर सरकारी संदेश असें समजावें.

फोनच्या बाबतींतहि अशीच खूण आहे. व्यापारी प्रचाराच्या फोनसाठीं १४० नें सुरू होणारे क्रमांक राखून ठेविले आहेत. आणि बँका, विमा कंपन्या यांच्या सेवेच्या व व्यवहाराच्या फोनसाठीं १६०० नें सुरू होणारे. आपल्या-तुपल्याकडे असतो तसल्या साध्या दहा आंकडी मोबाइल नंबरावरून व्यापारी प्रचार करण्यास परवानगी नाहीं. म्हणून अशा साध्या नंबरावरून कोणी कर्ज किंवा प्लॉट विकूं लागला, तर तो माल चांगला कीं वाईट हा विचार मागाहूनचा. तो फोनच मुळांत नियमाबाहेरचा आहे, हें प्रथम ध्यानांत घ्यावें.

दुसरें काम तक्रारीचें, आणि सर्व प्रकरणाचें मर्म येथेंच आहे. महसूल खात्याच्या दप्तरांत ज्यानें काम केलें आहे, त्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. फेरफाराची नोंद झाली म्हणजे हरकतीसाठीं १५ दिवसांची मुदत देतात. त्या मुदतींत लेखी हरकत आली, तर प्रकरण चौकशीवर जातें. पण चावडीच्या पायरीवर बसून कोणी वर्षभर कुरकुर केली, तरी तिची ओळहि दप्तरांत उमटत नाहीं. तोंडच्या रागाला आवक क्रमांक पडत नसतो. मोबाइलच्या या त्रासाचेंहि अगदीं तसेंच आहे. प्रचारकाला आपण कितीहि झापलें, तरी त्याची नोंद कोठेंच होत नाहीं. त्याचा नंबर आपल्या फोनवर बंद केला, म्हणजे ‘ब्लॉक’ केला, तर आपल्यापुरता तो थांबतो. परंतु तोच नंबर शेजारच्या बांधावर वाजतच राहतो. सरकारदरबारीं मोजली जाते ती फक्त नोंदलेली तक्रार.

ही तक्रार करण्यास पूर्वीं ३ दिवसांची मुदत होती. आतां ती ७ दिवस आहे. तक्रारींत चार गोष्टी असल्या म्हणजे ती ग्राह्य धरावी, असा नियम आहे : तक्रारदाराचा नंबर, फोन करणाराचा नंबर, फोन आल्याचा दिनांक, आणि काय सांगितलें त्याचा थोडक्यांत मजकूर. ज्या मोबाइलवर फोन आला त्याच मोबाइलवरून १९०९ वर एसएमएस करावा. त्यांत प्रथम मजकूर, मग स्वल्पविराम, मग त्या प्रचारकाचा नंबर, पुन्हा स्वल्पविराम, व शेवटीं दिवस, महिना व वर्ष, अशा क्रमानें लिहावें. मजकूर ‘कर्ज देण्याबाबत फोन’ एवढा असला तरी पुरे. एसएमएस लिहिणें जड वाटत असेल, तर १९०९ वर फोन करून सांगावें. ट्रायचें डीएनडी नांवाचें ॲप आहे, त्यांतूनहि तक्रार करितां येते. तक्रार नोंदली म्हणजे तिचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा. पावती जपण्याची शेतकऱ्याला संवय असतेच. ही त्यांतलीच एक पावती समजावी.

नोंदणी न केलेल्या प्रचारकाविरुद्ध, म्हणजे साध्या दहा आंकडी नंबरावरून फोन करणाराविरुद्ध, तक्रार करण्यास आपण १९०९ वर अगोदर नांव नोंदविलेलें असलेंच पाहिजे, अशी अट आतां राहिलेली नाहीं. शिवाय अशा तक्रारीवर कारवाई करण्यास कंपनीला पूर्वीं ३० दिवस मिळत, ते आतां ५ दिवसांवर आणिले आहेत.

यापुढील कलम तर गांवकऱ्यांनीं विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. एखाद्या नंबराविरुद्ध कारवाई सुरू होण्यास पूर्वीं ७ दिवसांत १० तक्रारी लागत. आतां १० दिवसांत ५ तक्रारी पुरतात. पहिल्या अपराधाला त्याचे बाहेर जाणारे फोन व संदेश १५ दिवस बंद होतात. पुन्हा अपराध झाल्यास त्याचीं सर्व कनेक्शनें, कोणत्याहि कंपनीचीं असलीं तरी, वर्षभर तोडलीं जातात. आतां असें पाहा कीं, ज्या दिवशीं एकाच नंबरावरून एका गांवांतील आठ-दहा जणांस फोन येतो, त्या दिवशीं संध्याकाळीं पारावर त्याची चर्चा होतेच. त्या चर्चेंतून पांच जणांनीं उठून आपापल्या मोबाइलवरून वेगवेगळी तक्रार केली, तर ती संख्या तेथेंच पुरी झाली. मात्र एकानें पांच वेळां तक्रार करणें म्हणजे पांच तक्रारी नव्हेत. पांच माणसें हवींत.

कोणी म्हणेल, एक नंबर तोडला तर तो प्रचारक दुसरा घेईल. हें खरें आहे, व तें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु एकाचीं सर्व कनेक्शनें एकदम तुटूं लागलीं म्हणजे नवें कनेक्शन घेण्याचा खर्च व धाक दोन्ही वाढतात. बांधावरची हरळी एका खुरपणीनें जात नाहीं, म्हणून कोणी खुरपणी सोडीत नाहीं.

नोंदणी करूनहि फोन येण्याचें आणखी एक कारण आपल्याच घरांत असूं शकतें, आणि तें म्हणजे आपली संमति. एखाद्या कंपनीस आपण संमति दिली असेल, तर तिला आपल्याशीं संपर्क ठेवण्याची मोकळीक मिळते. प्रदर्शनांत बक्षिसाचें कुपन भरतांना, दुकानांत माहितीचा फॉर्म भरतांना, किंवा एखादें ॲप मोबाइलवर घेतांना ही संमति बारीक अक्षरांत मागितलेली असते. न वाचतां तेथें खूण करणें हें कोऱ्या कागदावर अंगठा उठविण्यासारखें आहे. दिलेली संमति परत घेण्याचा हक्कहि नियमांनीं ठेविला आहे, तो वापरावा.

येथपर्यंत व्यापाऱ्यांच्या प्रचाराचा विचार झाला. ठकबाजीची गोष्ट निराळी आहे, व तिचा मार्गहि निराळा आहे. ‘आम्ही ट्रायकडून बोलत आहोंत, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल,’ असा फोन आला, तर तो खोटा समजावा. ट्राय कोणाहि ग्राहकाला नंबर तोडण्याची धमकी देण्यासाठीं फोन करीत नाहीं. फोनवरून अटक करण्याची, म्हणजे ‘डिजिटल अटके’ची, तरतूद आपल्या कायद्यांत नाहीं. पीएम-किसानच्या नांवानें व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल उघडूं नये. व्हॉट्सॲपवरील फोन व संदेश १९०९ च्या कक्षेंत येत नाहींत. त्यांची तक्रार त्या ॲपमध्येंच करावी लागते. ठकबाजीचा संशय आला, पण पैसे गेले नाहींत, तर केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वर ‘चक्षु’ नांवाची सोय ४ मार्च २०२४ पासून आहे, तेथें कळवावें. पैसे गेले असतील, तर क्षणाचाहि विलंब न करितां १९३० या क्रमांकावर फोन करावा. येथें ७ दिवसांची वाट पाहूं नये. पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत जाण्यापूर्वीं अडविणें हेंच त्या व्यवस्थेचें काम आहे.

शेवटीं एक गोष्ट माणुसकीची. प्रचाराचा फोन करणारा मुलगा किंवा मुलगी पुष्कळदां एखाद्या शेतकऱ्याच्याच घरांतून शहरांत नोकरीस गेलेली असते, व दिवसाला ठराविक फोन करण्याचें तिच्यावर बंधन असतें. तिला शिव्या दिल्यानें मालकाचें कांहींच बिघडत नाहीं. ‘नको’ असें एकदां सांगून फोन ठेवावा, नंबर व वेळ टिपून घ्यावी, आणि राग जो काय असेल तो तक्रारींत उतरवावा.

आपल्या संघाच्या प्रत्येक शाखेंत नोटिसांचा फळा असतो. त्यावर १९०९ व १९३० हे दोन क्रमांक ठळक लिहावेत व त्याखालीं दोऱ्यानें एक वही टांगावी. ज्यास नको असलेला फोन आला त्यानें तींत नंबर व दिनांक लिहावा. एकच नंबर तींत दुसऱ्यांदा दिसला, कीं शाखेच्या चिटणिसांनीं उरलेल्या सभासदांस विचारावें, व ज्यांस ज्यांस तो फोन आला असेल त्यांच्याकडून ७ दिवसांच्या आंत तक्रार करवून घ्यावी. वहीला दहा-वीस रुपयांपलीकडे खर्च नाहीं.