रोजचे हजार कोटी

एचआयव्हीची लागण झाल्यावर औषधांविनाही आठ-दहा वर्षं माणूस कामाला जातो, दोन वेळचं जेवतो, दिसायला ठणठणीत असतो. या काळात विषाणू अंगात झोपून असतो, असं एकेकाळी बरेच तज्ज्ञही मानत. 1995-96 मध्ये आकड्यांनी ही समजूत मोडीत काढली.

न्यूयॉर्कचे डॉ. डेव्हिड हो आणि लॉस अलामॉसचे गणिती अ‍ॅलन पेरेलसन यांनी अवघ्या पाच रुग्णांना रिटोनाव्हिर हे औषध दिलं आणि दर काही तासांनी त्यांच्या रक्तातला विषाणू मोजला. औषधानं नवी भरती थांबली, की जुना विषाणू किती झपाट्यानं संपतो हे कळतं. आधी तो तितक्याच झपाट्यानं तयार होत असणार. उत्तर आलं: एका शरीरात रोज सरासरी 10 अब्ज, म्हणजे हजार कोटी विषाणू. सेकंदाला लाखाच्या वर! जगाच्या लोकसंख्येहून मोठी ही रोजची फौज एका रांगेत उभी केली, तर रांग जेमतेम एक किलोमीटर भरेल, इतका तो सूक्ष्म. वर्षाला त्याच्या 140 पिढ्या होतात. माणसाला तेवढ्यासाठी साडेतीन हजार वर्षं लागतील. इतक्या पिढ्यांत एखाद्या औषधाला दाद न देणारा विषाणू निपजतोच. एकच औषध देऊन हा रोग का आवरत नाही, ते इथं कळतं.

तरीही डॉक्टर रुग्णाला आधी विचारत ते ‘काउंट किती?’ एवढंच. काउंट म्हणजे विषाणू ज्यांवर हल्ला करतो, त्या सीडी-4 या रोगप्रतिकारक पेशींची संख्या. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण 500 ते 1500 असतात. 200 च्या खाली गेल्या की एड्स. पण सीडी-4 ज्या गटातल्या, त्या शरीरातल्या लिम्फोसाइट पेशींपैकी जेमतेम 2 टक्के रक्तात असतात. बाकीची लढाई लसिकाग्रंथींत आणि आतड्यात चालते.

पुढचं भाकीत केलं ते अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या गोठवून ठेवलेल्या रक्तानं. तिथल्या 180 पुरुषांचे 1980 च्या दशकातले नमुने जॉन मेलर्स यांनी काढून त्यांतला व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, मोजला. कोणाचं पुढे काय झालं हे तोवर ठाऊक होतंच. मिलिलिटरमागे 4,530 किंवा त्याहून कमी प्रती असलेल्यांपैकी पाच वर्षांत एड्स झाला 8 टक्क्यांना. 36,270 च्या वर असलेल्यांपैकी 62 टक्क्यांना. सुरुवातीचा काउंट सारखा असलेल्या दोघांचं नशीब इतकं वेगळं का, याचा उलगडा 1996 मध्ये असा झाला. जॉन कॉफिन यांनी तेव्हा आगगाडीचा दाखला दिला: काउंट म्हणजे अपघाताच्या जागेपर्यंतचं अंतर, व्हायरल लोड म्हणजे गाडीचा वेग. मला तरी याहून नेमकं वर्णन सापडलेलं नाही.

आता औषधांनी हा वेग जवळपास शून्यावर येतो. युरोपात एका जोडीदाराला एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुष जोडप्यांचा अभ्यास झाला. औषधांनी त्या जोडीदाराचा व्हायरल लोड मिलिलिटरमागे 200 प्रतींच्या खाली होता. कंडोमशिवायच्या सुमारे 76 हजार संबंधांत जोडीदाराकडून झालेली लागण: 0.

आपल्याकडे सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रात औषधं आणि व्हायरल लोडची तपासणी दोन्ही मोफत आहेत. उपचार सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात, मग वर्षानं आणि पुढे दरवर्षी ही तपासणी करतात. तब्येत कितीही चांगली वाटली, तरी ती तारीख चुकवू नका.