फेरात नवीन आलेलीला जागा द्या

नागपंचमीला मराठवाड्यात बायकांच्या फुगड्या आणि फेर रंगतात. पण कडेला उभ्या राहून नुसत्या पाहणाऱ्याही असतात. नांदेडजवळच्या विष्णुपुरीत विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे बाहेरगावच्या विद्यार्थिनी, परिचारिका, नोकरदार कुटुंबांतल्या महिला इथे राहतात. त्यांना फेरात घेणे हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दम वाढेल, पण बोलता येईल, अशा गतीचा फेर त्यात धरता येतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका तालात नाचल्यावर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता आणि परस्परांविषयीचा आपलेपणा, दोन्ही वाढले.

नवखी बाई बहुधा ‘आपले हसे होईल’ म्हणून मागे राहते. तेव्हा लांबून नुसते ‘या ना’ म्हणू नका. हात धरून दोन जाणत्या बायकांच्या मध्ये घ्या. नवख्यांचा वेगळा फेर नको. शेजारणीकडे पाहूनच पाय जुळतात. सुरुवात संथ, साध्या पावलांनी करा. चूक झाली तरी फेर थांबवू नका. पुढच्या वेळी तिला नावाने बोलवा.

गुडघेदुखी, चक्कर, हृदयविकार किंवा गरोदरपण असल्यास गरगर फिरायची फुगडी टाळा. फेर धरण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारा. छातीत दुखल्यास लगेच थांबून दवाखाना गाठा.

सणानंतरही आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी फेर धरला, तर व्यायाम टिकेल आणि ओळखीही.