घड्याळ की चित्र? : लकव्यावरील लेखमाला, भाग सहावा

गेल्या आठवड्यात आपण गुठळी विरघळवणाऱ्या औषधापाशी थांबलो होतो. सशांच्या मेंदूत ते चालल्याचं १९८५ मध्येच दिसलं होतं, हृदयविकारात तर ते लवकरच नेहमीच्या वापरात आलं. मेंदूच्या बाबतीत मात्र गाडी अडली ती औषधापायी नव्हे. औषध द्यायचं कुणाला, हे ठरवता येत नव्हतं.

नागपुरातल्या कळमन्याच्या मार्केट यार्डाचंच उदाहरण घेऊ. भल्या पहाटे संत्र्या-मोसंबीच्या, मिरचीच्या, कांद्या-बटाट्याच्या गाड्या लागलेल्या असतात. समजा, पोतं उचलताना पन्नाशीच्या एका हमालाचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. मापारी, अडतिये, ड्रायव्हर सगळे एकच म्हणतील, लकवा मारला. निदान बरोबर आहे, पण अर्धंच. त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली की फुटली? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पंचवीस वर्षं रोगी तपासलेल्या डॉक्टरलाही नुसतं हात-पाय हलवून याचं छातीठोक उत्तर देता येत नाही. उपचार मात्र एकमेकांच्या अगदी उलट. तुंबलेल्याला जे औषध वाचवतं, तेच फुटलेल्याचा जीव घेऊ शकतं.

हे प्रमाण किती? मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये ठरावीक लोकवस्तीत पाहणी करून पहिल्यांदाच लकवा झालेले ४५६ रुग्ण नोंदवले. दहातल्या जवळपास नऊ जणांचा सीटी स्कॅन झाला होता. सुमारे ८० टक्के गुठळीचे निघाले, जवळपास १८ टक्के रक्तस्रावाचे. म्हणजे अंदाजानं औषध टोचत गेलो, तर दर पाच-सहा जणांत एकाला विष दिल्यासारखं होईल.

हा पहिला तिढा सोडवला सीटीनं. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रातून १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र निघालं. ताजं रक्त त्यात पांढरंशुभ्र दिसतं, चुकूच नये इतकं स्पष्ट. गुठळीचा लकवा मात्र पहिल्या काही तासांत जवळजवळ दिसतच नाही. घरच्यांचा इथेच घोळ होतो. ‘सीटी नॉर्मल आला, म्हणजे काही नाही’ असं समजून माणूस घरी नेल्याची उदाहरणं कोणताही न्यूरॉलॉजिस्ट सांगेल. हात लुळा आहे आणि सीटी स्वच्छ आहे, तर ती उपचार ताबडतोब सुरू करण्याची खूण असू शकते.

१९९५ च्या डिसेंबरात अमेरिकेतली एनआयएनडीएस चाचणी प्रसिद्ध झाली. ६२४ रुग्ण, लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांची मर्यादा, आणि सीटीकडून एकच अपेक्षा : रक्तस्राव नाही एवढं सांग. अल्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं तेच औषध, मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी जवळपास पूर्ववत झालेल्यांचं प्रमाण निदान ३० टक्क्यांनी जास्त निघालं. जोखीमही होती. मेंदूत घातक रक्तस्राव औषधवाल्या गटात ६.४ टक्क्यांना झाला, दुसऱ्या गटात ०.६ टक्क्यांना.

त्याच वर्षी युरोपातली ईसीएएसएस चाचणी आली, ६२० रुग्णांची. औषध तेच, मात्रा थोडी जास्त, मुदत सहा तास. एकूण निकाल निराशाजनक. मला या चाचणीतला एक आकडा सर्वांत बोलका वाटतो. १०९ रुग्ण नियमाबाहेर जाऊन चाचणीत घेतले गेले होते, आणि त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत चूक होती सीटी वाचण्याची. मोठा भाग आधीच बाधित झाला असेल तर औषध देऊ नये, असा नियम होता. पण त्या फिक्या, धूसर खुणा डॉक्टरांच्या नजरेतून निसटल्या. यंत्र होतं, चित्र होतं, वाचणारा डोळा तयार नव्हता. पुढे २००० मध्ये कॅनडातल्या कॅलगरीच्या गटानं साधी गुणपद्धती काढली : मेंदूच्या त्या बाजूचे दहा भाग पाडायचे, जो बिघडलेला दिसेल त्याचा एक गुण कमी. दहापैकी दहा म्हणजे उत्तम. याच पद्धतीला अॅस्पेक्ट्स म्हणतात. ती आजही जगभर वापरतात आणि तिला कसलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

आता गाभ्याच्या मुद्द्याकडे येऊ. तीन तासांची मर्यादा आली कुठून? सत्तरच्या दशकात लंडनमध्ये सायमन, आस्ट्रप आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांवर प्रयोग केले. मेंदूच्या शंभर ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण पन्नास मिलिलिटर रक्त लागतं. ते विसाच्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, आणि दहाच्या आसपास उतरलं की मरतात. या दोन पातळ्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या पेशी मुक्या असतात, मेलेल्या नसतात. नागपुरी संत्र्याच्या बागाइतदाराला हे वेगळं सांगायला नको. बहार धरण्यासाठी तो बागेचं पाणी तोडून झाडाला ताण देतो. पानं मलूल होतात, गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. वेळेवर पाणी सोडलं की ते पुन्हा फुटतं, ताण लांबला तर फांदी वाळते. लकव्यात गुठळीच्या लगतचा भाग मरतो आणि त्याच्याभोवती असा ताण बसलेला पट्टा उरतो. सगळी धावाधाव त्या पट्ट्यासाठी.

पट्टा किती वेळ तग धरतो? कॅलिफोर्नियाचे जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला : मोठी वाहिनी तुंबली की मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी मरतात. हा आकडा जाहिरातींत, पोस्टरवर, भाषणांत सगळीकडे गेला. तो खोटा नाही, पण सरासरी आहे, आणि सरासरीनं इथं बराच काळ फसवलं. आजूबाजूच्या आडवाटेच्या वाहिन्या चांगल्या असतील तर एखाद्याचा पट्टा बारा-पंधरा तास जगतो. नसतील तर दुसऱ्याचा तासाभरात संपतो. घड्याळ दोघांना एकच नियम लावतं. दोघांतला फरक दाखवणारं साधन चित्रच होतं.

नव्वदच्या दशकात एमआरआयची ‘डिफ्युजन’ पद्धत आली. पेशी सुजली की तिच्याभोवतीच्या पाण्याची हालचाल मंदावते, आणि ते मिनिटांत चित्रात उजळतं. मांजरांच्या मेंदूवर १९९० मध्ये हे दाखवलं गेलं. त्यात रक्तप्रवाह मोजणारी ‘पर्फ्युजन’ पद्धत जोडली की दोन नकाशे हाती येतात : मेलेला भाग किती, उपाशी भाग किती. दुसऱ्यातून पहिला वजा केला की वाचवण्याजोगा पट्टा. कल्पना सुरेख. पण तिच्या जोरावर उपचार सिद्ध व्हायला पुढची वीस-पंचवीस वर्षं गेली.

कारण मधे २०१३ साल आलं. जांघेतून नळी सरकवून गुठळी थेट काढण्याच्या तीन चाचण्यांचे निकाल एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि तिन्ही फसल्या. अनेकांनी ही पद्धत निकालात काढली. बारकाईनं पाहिल्यावर घोटाळा समोर आला. त्यांतल्या सर्वांत मोठ्या चाचणीत बऱ्याच रुग्णांची मोठी वाहिनी खरोखर तुंबली आहे का, हे आधी चित्रात पाहिलंच नव्हतं. जिथे काढायला गुठळीच नाही तिथे नळी घालून काय होणार! नेदरलँड्सच्या मिस्टर क्लीन चाचणीनं ही अट घातली : आधी अँजिओग्राफीत तुंबलेली वाहिनी दाखवा, मग रुग्ण घ्या. ५०० रुग्ण, तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे नळीचा उपचार मिळालेल्यांत ३२.६ टक्के, बाकीच्यांत १९.१ टक्के. २०१५ मध्ये पाठोपाठ आणखी चार चाचण्या त्याच दिशेनं गेल्या. गुठळी पकडणाऱ्या जाळ्याही तोवर सुधारल्या होत्या, हे मान्य. तरी निवड बदलली नसती तर नुसत्या जाळ्यांनी हे घडलं असतं, असं मला वाटत नाही.

मग घड्याळच मागे पडू लागलं. गुठळी काढण्याच्याच डॉन चाचणीत सहा ते चोवीस तासांत आलेले, पण चित्रात पट्टा शिल्लक दिसणारे २०६ रुग्ण घेतले. स्वावलंबी झालेले ४९ टक्के विरुद्ध १३ टक्के. हा फरक इतका मोठा होता की चाचणी मधेच थांबवावी लागली. डिफ्यूज-३ या तशाच चाचणीत ४५ विरुद्ध १७.

२०१८ ची वेक-अप चाचणी तर कळमन्यासारख्या ठिकाणासाठीच केल्यासारखी आहे. यार्डात कामाला येणारा माणूस रात्री नऊला धडधाकट झोपतो आणि पहाटे तीनला उठताना पाय उचलत नाही. लकवा दहाला झाला की अडीचला? कुणाला ठाऊक. जुन्या नियमानं अशा रुग्णाची वेळ ‘शेवटचा नीट पाहिला तेव्हापासून’ धरायची, म्हणजे तो बादच. वेक-अपवाल्यांनी एमआरआयचे दोन प्रकार शेजारी ठेवले. एकात बिघाड लगेच दिसतो, दुसऱ्यात चार-साडेचार तासांनी उमटतो. पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे घटना ताजी. असे ५०३ रुग्ण. औषध मिळालेल्यांपैकी ५३.३ टक्के चांगले बरे झाले, न मिळालेल्यांपैकी ४१.८.

चित्र आणखी एका कामाला येतं, त्याकडे वाचकांचं लक्ष कमी जातं : मापाच्या कामाला. पुण्याची जिनोव्हा कंपनी बनवते ते टेनेक्टेप्लेज एकाच इंजेक्शनात देता येतं, अल्टेप्लेजसारखं तासभर थेंबथेंब सोडावं लागत नाही. लकव्यासाठी त्याला भारतात २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. या दोन औषधांची ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तुलना झाली तेव्हा फक्त २०२ रुग्ण पुरले, कारण विचारलेला प्रश्नच चित्राचा होता : नळी घालायच्या आधीच प्रवाह किती जणांत परतला? टेनेक्टेप्लेजनं २२ टक्क्यांत, अल्टेप्लेजनं १० टक्क्यांत. माणूस किती बरा झाला हेच माप धरलं असतं, तर रुग्ण बरेच जास्त लागले असते.

इतकं कौतुक झाल्यावर तक्रारही मांडतो. चित्रानं दार उघडलं तसं ते लावलंही. मेलेला भाग मोठा दिसतो, गुण कमी आहेत, मग उपचार नको, अशी शिस्त कित्येक वर्षं चालली. २०२२ मध्ये जपानी संशोधकांनी अशाच, म्हणजे अॅस्पेक्ट्स तीन ते पाच असलेल्या २०३ रुग्णांवर गुठळी काढण्याची चाचणी केली. आधाराशिवाय चालू शकणारे ३१ टक्के विरुद्ध १२.७. पुढच्या वर्षी चीन आणि अमेरिकेतल्या चाचण्यांनी तेच सांगितलं. युरोपातल्या टेन्शन चाचणीनं तर निवड मुख्यतः साध्या सीटीवर केली. २०२२ मध्येच उशिरा आलेल्या १६०४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. साध्या सीटीवर निवडलेले आणि पर्फ्युजन किंवा एमआरआयवर निवडलेले, यांच्या निकालात फारसा फरक सापडला नाही. म्हणजे दोन नकाशांची ती सुरेख वजाबाकी सिद्धांतासाठी अनमोल ठरली, पण प्रत्येक रुग्णाला ती लागतेच असं नाही. नागपूरसारख्या शहराला हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. कळमन्याहून त्यातल्या त्यात जवळचं मेयो रुग्णालय गाठा की मेडिकल कॉलेज, की मिहानकडचं एम्स, पहिलं चित्र साध्या सीटीचंच निघणार.

ते रात्री वाचायचं कुणी, हा ईसीएएसएसचाच जुना प्रश्न. मुंबईच्या क्युअर.एआयनं त्यावर २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये काम मांडलं : भारतातल्या केंद्रांतून जमवलेले तीन लाख तेरा हजारांवर डोक्याचे सीटी वापरून संगणकाला रक्तस्राव, कवटीचं हाड मोडणं, मेंदू एका बाजूला सरकणं ओळखायला शिकवलं. पडताळणीसाठीचे ४९१ स्कॅन त्यांनी सर्व संशोधकांना खुले केले. रक्तस्राव ओळखणं त्याला जमतं. सुरुवातीच्या तासांतल्या त्या फिक्या खुणा ओळखणं मात्र वेगळं आणि जास्त अवघड काम आहे.

वर सांगितलेल्या प्रत्येक चाचणीतला रुग्ण यंत्रापर्यंत पोहोचलेला होता. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांतल्या १५९९ मृत्यूंची चौकशी केली. १४.३ टक्के मृत्यू लकव्याचे होते, म्हणजे इतर कोणत्याही एका कारणापेक्षा जास्त. बहुतेक माणसं घरीच गेली होती. कारण ठरवलं ते घरच्यांना खुबीनं प्रश्न विचारून. एवढ्यावरून लकवा होता हे ताडता येतं, वाहिनी तुंबली होती की फुटली होती, हे नाही.

(पुढील भाग : जर्मनीत २००८ मध्ये सीटी यंत्र रुग्णवाहिकेतच बसवलं गेलं, त्याची गोष्ट.)