डोमेन कोणाच्या नावावर?

वेळापुरात माउलींची पालखी मुक्कामी येते तेव्हा शेंगदाणा चटणी हातोहात खपते. उरलेलं वर्षभर तीच चटणी पुण्या-मुंबईला घरबसल्या विकायची, तर ऑनलाइन दुकान हवं. ते बांधून देणारा निवडताना बहुतेक जण आधी रंगसंगती बघतात. मी आधी एकच प्रश्न विचारेन: डोमेन, म्हणजे दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर घेणार? डिझायनरनं ते स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं, तर उद्या बिनसल्यावर दुकानाची पाटीच त्याच्या हाती राहते. गाळा आपला, सातबारा दुसऱ्याचा! नोंदणी, होस्टिंग आणि पेमेंट गेटवे ही तिन्ही खाती आपल्याच नावावर, आपल्याच मोबाइल क्रमांकावर हवीत. विक्रीचे पैसेही थेट आपल्या बँकेत यावेत.

डिझायनरनं आधी केलेली दुकानं साध्या मोबाइलवर, एसटीत बसून उघडून पाहा. फोटो उमटायला वेळ लागला, तर गिऱ्हाईक थांबत नाही. यूपीआयनं एखादी छोटी खरेदीही करून बघा.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव, पत्ता, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क दाखवावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. चटणीसारख्या खाद्यपदार्थाला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवानाही लागतो. ही माहिती देणारी पानं डिझायनरच्या कामात धरली आहेत का, ते विचारा. डोमेन-होस्टिंगच्या दरवर्षीच्या नूतनीकरणाचा आणि देखभालीचा खर्चही कागदावर घ्या. पहिल्या वर्षीची स्वस्ताई दुसऱ्या वर्षी वसूल होते.