धामापूरचा तलाव आणि पाटाकडेची ओल

मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधला. दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून पाणी अडविले. देसायांचे नाव राहिले. टोपलीने माती वाहणाऱ्यांची नावे कुठल्याच कागदात नाहीत. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. मालवण शहराच्या नळालाही इथलेच पाणी जाते.

पाहुणे तलाव पाहून परततात. पण अशा जुन्या तलावाखाली आणखी एक पाणी असते. बांधातून आणि मातीच्या पाटातून ते हळूहळू झिरपते, सखल जागी साचते आणि लहानशी पाणथळ तयार होते. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तरी जांभ्या कातळातून तो निघून जातो आणि मार्च-एप्रिलात विहिरी तळ गाठतात. त्या दिवसांत पाटाकडेच्या विहिरीला पाणी असते ते या झिरप्यामुळे. तिथे लव्हाळा वाढतो, माका-ब्राह्मी उगवते, गुरांना हिरवा चारा मिळतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे अशाच ओहोळ-पाणथळीतून वर येऊन अंडी घालतात. कुर्ल्या मिळतात. ज्यांची स्वतःची विहीर नाही, जमीन नाही, त्यांच्या घरचे कालवण त्या दिवशी फुकटात होते. चवदार तळ्याची आठवण जपणाऱ्या आपल्या समाजाला सार्वजनिक पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

इंजिनिअर मात्र या पाण्याला गळती म्हणतात. पाट सिमेंटचा केला की पाणी लवकर आणि लांब पोचते, हे खरेच. टोकाच्या शेतकऱ्याला ते हवेही असते. पण झिरपा थांबला की पाटाकडेची ओल जाते, मग विहिरीचे पाणी उतरते. अंदाजपत्रकात हे नुकसान धरायला रकानाच नसतो.

कायद्याचाही फारसा आधार नाही. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांतून सिंचनासाठी खास बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ज्या पाणथळींना संरक्षण दिले, त्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या. वाडीखालची दहा-पंधरा गुंठ्यांची दलदल त्यात कुठून बसणार?

एक वाट आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अशी जागा तिच्यात लिहून घ्यावी. कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकते, कोणता मासा चढतो, कोणता पाला औषधाला लागतो, ही माहिती आपल्या वाडीतील बायांना पाठ असते. ग्रामसभेला त्यांनाच बोलू द्यावे, आणि ग्रामपंचायतीकडून नोंदीची नक्कल मागून घ्यावी.